गोठ्याबाहेरचं लंगडणं

डोरीनबाई, तुम्ही गेलात त्याला आज पंधरा दिवस झाले आणि पंधराही दिवस मी वेळेवर जेवते आहे. पोळी खाते, भात खाते, वर ताकही पिते. झोपसुद्धा लागते. रडू तेवढं येत नाही. तुम्हाला नेलं त्या दिवशी गल्लीतल्या बायका माझ्या तोंडाकडे टक लावून बसल्या होत्या, ही आता फुटेल, मग फुटेल म्हणून. मी मनात चहाला किती दूध लागेल याचा अंदाज घेत होते. शेवटी एकीने दुसरीच्या कानात सांगितलं आणि ते मला ऐकू आलं, "जावाजावायचं कायचं दुःख व, त्यातून गोरी जाऊ." एरवी मी तिला सोडलं नसतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्या दिवशी मला रागही आला नाही.

चार दिवसांपूर्वी तुमच्या देशातून एका बाईंचा फोन आला. जुन्या नटनट्यांसाठी त्या एक पत्रक काढतात आणि त्यात तुमच्यावर लिहिणार आहेत. माझी मुलगी प्रज्ञा पुण्याहून मध्ये बोलत होती, त्यांचं मला सांगायची, माझं त्यांना. जन्म कुठला, पहिलं नाटक कोणतं, टीव्हीवर किती वर्षं होत्या, कुणासोबत कामं केली. मी प्रत्येक प्रश्नाला माहीत नाही, माहीत नाही म्हणत गेले. नालवाडीच्या या घरात अठरा वर्षं आपण एका चुलीवर जेवलो आणि मला तुमचं पहिलं नाटक सांगता आलं नाही. त्या बाई सभ्य असाव्यात, 'मग तुम्हाला माहीत तरी काय आहे' असं त्यांनी विचारलं नाही.

मला माहीत आहे ते त्यांच्या पत्रकात छापण्यासारखं नाही. तुम्हाला कारलं आवडायचं आणि वांग्याने पोटात दुखायचं. तुम्ही गादीवर बसण्याआधी ती हाताने झटकायचात, कारण पहिल्याच वर्षी आपल्या सासरच्या गावी, रोहण्याला, तुम्हाला विंचू दिसला होता. आणि मला हेही माहीत आहे, की आठ वर्षांपूर्वी मी तुम्हाला एक वाक्य बोलले. ते मी परत घेतलं नाही आणि तुम्ही त्याचं उत्तर दिलं नाही. त्या दिवशी तुम्ही माझी थट्टा करत होता की नव्हता, हे मला आजही कळलेलं नाही. हे लिहायला बसले आहे ते त्यासाठी.

तुम्हाला मी पहिल्यांदा पाहिलं ते कॅसेटमध्ये. माझं लग्न होऊन दोनच वर्षं झाली होती. भाऊजी, म्हणजे तुमचे डॉक्टर, तिकडून एकटेच आले होते आणि आल्याबरोबर त्यांनी सांगून टाकलं, की मी लग्न केलं आहे, बायको इंग्रज आहे आणि ती नाटकात आणि टीव्हीत काम करते. रोहण्यासारख्या गावात ही एकाच वाक्यात तीन संकटं होती. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "दाखव तं खरं, काय करते थे." आर्वीहून व्हीसीआर भाड्याने आणला. घर माणसांनी भरून गेलं. तुमच्या मालिकेत एक स्वयंपाकघर होतं आणि तुम्ही शेजारीण होता. दार उघडून आत यायचं, दोन वाक्यं बोलायची आणि निघून जायचं. घरातली माणसं खुर्चीवर बसून चहा पीत राहिली आणि तुम्ही दारात उभ्या होता तशाच गेलात. इंग्रजी कुणालाच कळलं नाही. कॅसेट संपली. मग सासूबाई भाऊजींना म्हणाल्या, "तिले बस म्हून कोणी म्हटलंच नाई. चहा पेऊन राह्यले सारे, अन् तिले घोटभर नाई. कसे लोक हायेत थे?"

तुम्ही पहिल्यांदा घरी आलात तेव्हा त्यांनी तुमचा हात धरून तुम्हाला आधी बसवलं आणि मगच पायावर पाणी घातलं. रीत उलटी झाली, पण त्यांना त्या शेजारणीचं लागलं होतं. पुढे तुम्हाला मराठी यायला लागल्यावर मी तुम्हाला कॅसेटची ती गोष्ट सांगितली. तुम्ही डोळे पुसत हसलात आणि म्हणालात, "सहा वर्षं केलं थे काम. पेपरवाल्यायनं कधी दोन ओळी नाई लिहिल्या. आईनं लिहिल्या."

तुमची मराठी ही रोहण्याच्या शेतात निंदणाऱ्या बायांची मराठी. भाऊजींनी शिकवायला घेतलं होतं, पण ते पुस्तकातलं शिकवायचे आणि तुम्हाला कंटाळा यायचा. तुम्ही दर खेपेला गावी आलात की बायांबरोबर धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसून शिकलात, आणि त्या तुम्हाला सगळ्यांशी 'तू' म्हणून बोलताना ऐकून हसून लोळायच्या. सरपंचाला तू, देवळातल्या महाराजांना तू, बँकेच्या साहेबाला, "अरे तू उद्या ये म्हणते, अन् उद्या तू नसते." त्या साहेबाने हसत हसत तुमचं काम करून दिलं. मी तसं बोलले असते तर पासबुक अंगावर फेकलं असतं त्याने.

भाऊजी रिटायर होऊन तुम्ही दोघं नालवाडीला आमच्यात राहायला आलात तेव्हा मला भीती वाटली होती, खोटं कशाला सांगू. घर माझं होतं. म्हणजे सात-बारावर नव्हतं, पण भिंतीभिंतीवर माझा हात फिरलेला होता. यांची शाळेतली नोकरी, मागे गोठा, गोठ्यात एक गाय. त्यात एक नटी येणार. पण तुम्ही आल्यावर पहिले सहा महिने काहीच केलं नाही, नुसतं पाहिलंत. मी स्वयंपाक करायचे आणि तुम्ही उंबरठ्यावर बसून माझ्याकडे पाहायचात. एकदा मी वैतागून विचारलं, "काय पाहून राह्यल्या एवढं?" तुम्ही म्हणालात, "हे माहं जुनं काम हाय."

मग तुम्ही ते काम समजावून सांगितलंत. मालिकेच्याही आधी, एका मोठ्या नाटकात तुम्ही चार वर्षं बदली नटी होता. म्हणजे मुख्य बाई आजारी पडली तरच स्टेजवर जायचं. बाकी रोज संध्याकाळी थिएटरात हजर राहायचं, वरच्या एका खोलीत स्वेटर विणत बसायचं, आणि खाली तिचा शब्द न् शब्द, पाऊल न् पाऊल पाठ करून ठेवायचं. चार वर्षांत तुम्ही तीनदा स्टेजवर गेलात. मी म्हटलं, "आपल्या मनानं थोडं येगळं करून दाखवाव ना. लोकायले समजलं असतं, हे बाई किती चांगली हाय." तुम्ही मान हलवली. स्वतःचं काही घालायचं नाही हाच नियम होता. ती जिथे थांबते तिथेच थांबायचं, ती जेवढा श्वास घेते तेवढाच घ्यायचा, नाहीतर बाकीची माणसं चुकतात, अडखळतात. "थे माणसं भेलेली असते, सुमन. त्यायची बाई अचानक नाई राह्यली. त्यायले वाटलं पाह्यजे, सारं जागेवर हाय." मला ते दुसऱ्याच्या ताटातलं उष्टं खाल्ल्यासारखं वाटलं. मी तसं बोललेही.

आता गाईवर येते. आपली चांदी. भारी खोडील गाय. माझ्याशिवाय कुणालाही दूध काढू द्यायची नाही. यांनी बसून पाहिलं तर लाथ, गड्याने पाहिलं तर पान्हा चोरायची. प्रज्ञाचं बाळंतपण पुण्याला करायचं ठरलं, सासरचे तिला इतक्या लांब पाठवायला तयार नव्हते, म्हणून मीच अडीच महिने जाणार होते. मला मुलीपेक्षा गाईची काळजी होती म्हटलं तरी चालेल. तुम्ही म्हणालात, "मी पाहतो, तू जाय." मी हसले. निघायच्या आधी आठ दिवस तुम्ही पहाटे गोठ्यात माझ्या मागे उभ्या राहिलात, आणि जाताना माझं एक जुनं, न धुतलेलं लुगडं मागून घेतलंत. आपल्याकडे गाय दुसऱ्या हातावर घालायची तर असंच करतात, त्यामुळे मला त्याचं काही वाटलं नाही.

पुण्याहून मी दररोज फोन करायचे. हे म्हणायचे, सगळं ठीक आहे. भाऊजींचाही यांच्यामार्फत तोच निरोप, सगळं ठीक आहे. दूध निघतं का, तर निघतं. मी नसताना सगळं इतकं ठीक असावं हे मला थोडं लागत होतं, पण नातू मांडीवर होता, त्यात विसरले.

परत आले ती सांगून आले नाही. रेल्वे दुपारी पोचली, ऑटो केला, गल्लीच्या तोंडाशी उतरले. भाजीवाली बसली होती. मला पाहून म्हणाली, "काकू, आत्ता तं गोठ्याकडं गेल्या तुमी. ऑटोतून कोठून आल्या?" मी म्हटलं, अडीच महिन्यांनी आले बाई. ती म्हणे, "तुमी गेलत्या काय? मले तं समजलंच नाई." ती थट्टा करते आहे असं समजून मी पुढे गेले. आणि मागच्या अंगणातून मला माझा आवाज ऐकू आला. अगदी माझा. "सरक वं भवाने, माह्या पायावर पाय देतं काय, रांड चांदे." माझी शिवी, माझा सूर, वाक्याच्या शेवटी मी दमून एक सुस्कारा टाकते तोही. मी भिंतीला हात लावून उभी राहिले. माणूस मेल्यावर आपल्या घरात येऊन पाहतो म्हणतात, तसं मला झालं.

मग तुम्ही गोठ्यातून बाहेर आलात. माझं लुगडं, माझ्यासारखा कमरेला खोचलेला पदर, गाईच्या ढेपेचं टोपलं माझ्यासारखं उजव्या कुशीवर. आणि तुम्ही लंगडत होता. माझा डावा गुडघा तेव्हाच गेलेला होता. मी कशी चालते हे मी कधी पाहिलं नव्हतं, कुणी पाहतं का? ते मी त्या दिवशी पाहिलं. डावा पाय टाकताना आधी खांदा खाली, मग कंबर वाकडी, मग पाय. इतकी कुरूप चाल. आणि माझ्यापेक्षा चौदा-पंधरा वर्षांनी मोठी, धडधाकट, उंच इंग्रज बाई ती चाल माझ्या अंगणातून चालत होती आणि कुंपणाच्या पलीकडून शेजारच्या सुना तोंडाला पदर लावून बघत होत्या.

तुम्ही मला पाहिलंत आणि तुमचं तोंड इतकं फुललं. तुम्ही माझ्याकडे आलात तेही लंगडतच. मी विचारलं, "हे काय करून राह्यल्या?"

"गाईले पाय समजते," तुम्ही म्हणालात. "लुगडं नेसून गेली पह्यल्या दिवशी, लाथ मारली. सरळ चालत गेली तं पान्हा चोरे. मंग तुह्यासारखी चालली, तवा दूध देलं."

"अन् गोठ्याबाहेर? गोठ्याबाहेर काऊन लंगडून राह्यल्या तुमी? इथं कोन्ती गाय हाय?"

मी वाट पाहिली. हे आणि भाऊजी ओसरीवर आले होते. तुम्ही उत्तर दिलं असतं, काहीही दिलं असतं, तरी मी थांबले असते. तुम्ही नुसतं टोपलं खाली ठेवलंत. आणि मी म्हणाले, "तुमाले सारी जिंदगी सोताचं काम भेटलं नाई, म्हून माह्यं घेतलं तुमी. अन् त्याची नक्कल केली सारी दुनियेपुढं."

हेच ते वाक्य.

तुम्ही घरात गेलात, लुगडं बदललंत, घडी घालून माझ्या खाटेवर ठेवलंत. त्या दिवसानंतर तुम्ही गोठ्यात पाय ठेवला नाही. पुढे दोन वर्षांनी चांदी आटली, ती रोहण्याला चुलतदिरांकडे पाठवली, गोठा मोकळा पडला. आपण बोलत होतो. जावा बोलतात तेवढं, मीठ आहे का, दूधवाला आला का. गोठ्याच्या दाराशी एक नवी पायरी बांधलेली होती आणि दूध काढायला बसायचा एक उंच स्टूल आणून ठेवलेलं होतं. मी पुण्याला गेले तेव्हा हे दोन्ही नव्हतं. मला त्याचाही राग आला होता, माझ्या गोठ्यात मला न विचारता. त्या पायरीने मला सुख झालं, हे मी तुम्हाला सांगितलं नाही. गुडघ्याला इतकं सुख झालं होतं, बाई.

सांगायची संधी नव्हती असं नाही. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तुम्ही दवाखान्यात अकरा दिवस स्टुलावर बसून काढले. नर्सला, "अरे तू सुई हळू लाव, थे भेते," असं मोठ्या आवाजात सांगून सगळ्या वॉर्डाला मी भित्री असल्याचं कळवलंत. रोज दुपारी तुम्ही माझी वेणी घालत होता. तुम्हाला तीन पेडांची घालता येत नव्हती, दोनाचीच पिळून ठेवायचात. एकदा पाठ तुमच्याकडे असताना वाटलं, आता बोलावं, तोंड दिसत नाही तर सोपं जाईल. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "हलू नोको." मी हलले नाही आणि बोललेही नाही. असं पुढे चार-सहा वेळा झालं. आपलं काय, रोज समोर असलेल्या माणसाला उद्या सांगता येतं.

त्या दिवशी सकाळी तुम्ही मेथी निवडत होता. देठं फार ठेवता म्हणून मी कटकट केली. तुम्ही म्हणालात, "देठात लोखंड असते." मी म्हटलं, मग लोखंडच शिजवा. हे आपलं शेवटचं बोलणं. दुपारी तुम्ही जरा आडव्या झालात आणि चहाला उठला नाहीत. डॉक्टर भाऊजी शेजारच्याच खाटेवर होते, नाडी त्यांनीच पाहिली.

नवऱ्याच्या आधी गेलात, अहेव मरण म्हणून बायकांना तुमचा हेवा वाटला. हिरवं लुगडं, बांगड्या, कुंकू, ओटी, सगळं मी केलं. हात बरोबर चालत होते. तुमच्या मनगटात आपल्याकडच्या बांगड्या चढत नव्हत्या, साबण लावून चढवल्या. तेव्हाही मला काही वाटलं नाही. आपलं काही तरी बिघडलं आहे असं मात्र वाटत होतं, हात जड पडून झोपल्यावर जसा परक्याचा वाटतो तसं सगळं अंग.

काल संध्याकाळी हे मला म्हणाले, "दादा असेच बसून राह्यले तं जातीन."

खरं होतं ते. भाऊजींच्या डोळ्यांचं तुम्हाला सांगायला नको. मधलं काही दिसत नाही, कडेकडेचं थोडं दिसतं. काठी घेतली तर म्हातारा दिसेन, हात धरला तर आंधळा दिसेन, दोन्ही नको. म्हणून तुम्ही दोघं रोज संध्याकाळी नाल्यावरच्या पुलापर्यंत जायचात ते तुमच्याच पद्धतीने. तुम्ही दोन पावलं पुढे, थोड्या डावीकडे, उजवी चप्पल फरफटत. त्या आवाजाच्या मागे ते. आणि तुम्ही समोर पाहत, कुणाला सांगत नाही अशा थाटात बोलत जायचात, "खांब. शेण. कुत्रं हाय, झोपलं हाय. आता खड्डा, थो कालचाच." गल्लीत म्हणायचे, नवऱ्याच्या पुढे पुढे चालते मेमसाहेब. पंधरा दिवस भाऊजी खोलीबाहेर आले नव्हते. ताट अर्धं परत येत होतं. हे दोनदा हात धरून न्यायला गेले, दोन्ही वेळा त्यांनी हात झटकला.

"तू जाय," हे म्हणाले. "तुले माईत हाय, वहिनी दादाले कशी नेत होती."

"मी कशी जाऊ?" मी म्हटलं. "त्यायच्या पुढं चालू?"

मोठ्या दिरासमोर माझा पदर चाळीस वर्षांत डोक्यावरून उतरला नाही. त्यांच्याशी मी सरळ बोलत नाही, यांच्यामार्फत किंवा तुमच्यामार्फत बोलते, ताटही तुमच्या हातात देत होते. ते वाटेत असले तर मी भिंतीला लागून थांबते. हे त्यांनी कधी मागितलं नाही, पण मला असंच शिकवलेलं आहे आणि आता ते अंगात मुरलं आहे. त्यांच्या पुढे पाठ करून रस्त्याने चालायचं म्हणजे माझ्याने होणारं नव्हतं. रात्री पडल्यापडल्या कळलं, की सुमनच्याने होणार नाही.

इथवर दुपारी लिहिलं होतं, पुढचं आता रात्री लिहिते आहे. आज संध्याकाळी सहा वाजता मी तुमच्या चपला घातल्या. तेरवीला द्यायच्या राहून गेल्या होत्या. मला त्या इतक्या मोठ्या आहेत, की फरफटल्याशिवाय चालताच येत नाही. पदर खांद्यावर घेतला, तुमच्यासारखा. भाऊजींच्या दारात उभी राहिले आणि माझ्या तोंडातून, तुमच्या त्या आडव्या उच्चारात, निघालं, "ऊठ. चाल." त्यांना मी तू म्हणाले, डोरीनबाई. माझी जीभ झडली नाही. ते बराच वेळ दाराकडे कान देऊन बसले. मग खाटेखाली पायाने आपल्या चपला चाचपू लागले.

फाटकाबाहेर मी दोन पावलं पुढे झाले, थोडी डावीकडे. तुमची चाल मी कधी शिकले नव्हते. पण अठरा वर्षं मी ती खिडकीतून रोज पाहिली होती आणि ती माझ्या पायांना येत होती. "खांब," मी म्हटलं. "वाळू टाकली कोणी." मागून पावलं येत होती. आधी अडखळत, मग नेमाने. समोरच्या ओट्यावर त्या बायका बसल्या होत्या, त्या हसल्या असतील, मला त्यांच्याकडे बघायला सवडच झाली नाही. माझं सगळं ध्यान पाठीत होतं. त्यांचं पाऊल लांबलं का, थांबलं का, चप्पल घासली का. मान वळवायची नाही, आणि तरी एक पाऊल निसटू द्यायचं नाही. तुमची चाल चालायची तर हे करावंच लागतं, ते वगळून ती चाल चालताच येत नाही. वळणापर्यंत गेल्यावर मला कळलं, की मी नक्कल करत नाही आहे. नक्कल करणाऱ्याचं लक्ष बघणाऱ्यांकडे असतं.

आणि तुम्ही तर अडीच महिने तसं चाललात. गाईसमोर चाललात, आणि गोठ्याबाहेर यांच्यासमोर, भाऊजींसमोर, भाजीवालीसमोर. माझ्या घराला मी गेल्याचं कळू नये म्हणून चाललात. किती दुखतं तेही तुम्हाला त्या चालीतूनच समजलं असणार, नाहीतर पायरी नेमकी तिथे आणि तेवढ्याच उंचीची कशी बांधली असती? मी तुम्हाला दुनियेपुढे जे बोलले ते वाईट बोलले, डोरीनबाई. चुकलं माझं. तुम्ही जिवंत असताना म्हणायला पाहिजे होतं, ते आता कागदाला म्हणते आहे.

पूल जवळ आला. मी म्हटलं, "कठडा." मागून भाऊजी, चाळीस वर्षांत पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलले.

"सुमन," ते म्हणाले, "गुडघा दुखत असन तं थांबू आपण."

तेव्हा मला रडू आलं. पंधरा दिवसांचं एकदम आलं, पदर तोंडात कोंबला तरी थांबेना. समोरून सायकलवाले, फिरायला निघालेली माणसं येत होती आणि माझ्याकडे पाहत होती. पाहू दिलं. पण मागे त्यांना फक्त माझ्या चपलेचा आवाज होता, म्हणून मी चप्पल चुकू दिली नाही.